पत्रा कुठे फाटेल?

भिवंडीत मागावर ताण्याचा धागा तुटतो तेव्हा तो सगळ्या लांबीभर सारखा झिजून तुटत नाही. जिथे तो सर्वांत बारीक असतो तिथेच जातो. सायझिंगमध्ये खळ चढवून सुताला कितीही बळ आणले, तरी बीमवर गुंडाळलेल्या शेकडो मीटर धाग्यातली ती एक जागा बाकीच्या सगळ्या लांबीचे भवितव्य ठरवते. विणकराला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्याचे गणित मात्र १९२६ साली मांडले गेले. मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये कापसाच्या सुतावर काम करणाऱ्या फ्रेडरिक टॉमस पिअर्स यांनी सुताचे आखूड आणि लांब तुकडे ताणून पाहिले. लांब तुकडे कमी वजनाला तुटत. कारण उघड होते. लांबी जितकी जास्त, तितकी तिच्यात एखादी फार दुबळी जागा सापडण्याची शक्यता जास्त. यातून पिअर्स यांनी 'सर्वांत दुबळ्या दुव्या'चा सिद्धान्त मांडला. पुढे १९३९मध्ये स्वीडनच्या वालोदी वायबुल यांनी तोच विचार ठिसूळ पदार्थांसाठी व्यापक केला. आज बेअरिंग किती टिकेल, सिरॅमिकचा भाग किती भार सोसेल, याचा अंदाज बांधताना वायबुलचे सूत्र वापरतात. वस्तू कधी मोडेल हे आधी सांगण्याच्या शास्त्राची एक मोठी शाखा सुताच्या धाग्यातून निघाली, ही गोष्ट मागाच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला माहीत असायला हवी असे मला मनापासून वाटते.

याच शास्त्रापुढचा एक कठीण आणि फार सुंदर प्रश्न टायटॅनियमच्या पत्र्याचा आहे. तो प्रश्न जिथे रोज सोडवला गेला, ते गावही विणकरांचेच.

इंग्लंडच्या लँकेशायरमधले बार्नोल्ड्सविक हे एके काळी सुती कापड विणणारे छोटे गाव. दुसऱ्या महायुद्धात तिथली बँकफील्ड नावाची विणाईची शेड रोव्हर कंपनीने ताब्यात घेतली आणि फ्रँक व्हिटल यांच्या जेट इंजिनाचे काम तिथे सुरू झाले. १९४३मध्ये ते काम रोल्स-रॉइसकडे गेले. या कंपनीच्या जुन्या जेट इंजिनांच्या नावाआधी येणाऱ्या 'आरबी' या अक्षरांतला 'बी' म्हणजे हेच बार्नोल्ड्सविक. वाफेवर चालणारी गावातली शेवटची विणाईची गिरणी १९७८मध्ये बंद पडली. इंजिनांचा कारखाना मात्र वाढत गेला, आणि १९९०च्या दशकात ट्रेंट मालिकेच्या इंजिनांसाठी टायटॅनियमची पोकळ पाती बनवण्यासाठी हे गाव ओळखले जाऊ लागले. २०२०मध्ये कंपनीने त्यातले काही काम सिंगापूरला हलवायचे ठरवले तेव्हा तिथले कामगार संपावर गेले. एअर इंडियाच्या सेवेत २०२४च्या जानेवारीत दाखल झालेल्या एअरबस ए-३५० विमानाला ट्रेंट इंजिनेच आहेत. त्यांचा समोरचा पंखा सुमारे तीन मीटर व्यासाचा आहे आणि त्यात अशी २२ पोकळ पाती आहेत.

पाते पोकळ असते, पण आतून रिकामे नसते. टायटॅनियमचे तीन पत्रे एकावर एक ठेवतात. त्याआधी मधल्या पत्र्यावर ठरावीक नक्षीत एक लेप दिलेला असतो. नऊशे अंशांच्या पुढे तापवून दाब दिला की लेप नसलेल्या जागी तिन्ही पत्रे अणूंच्या पातळीवर एकजीव होतात, लेपाच्या जागी सुटे राहतात. मग हा थर साच्यात ठेवून तापवतात आणि सुट्या जागांत अरगॉन वायू सोडतात. बाहेरचे दोन पत्रे एकमेकांपासून दूर सरकतात आणि मधला पत्रा त्यांच्यामध्ये ताणला जाऊन नागमोडी तिरक्या आधारांची रांग तयार होते. पाते हलके राहते आणि पक्ष्याची धडकही सोसते.

फाटण्याचा धोका सर्वांत जास्त कुठे, तर त्या मधल्या पत्र्यात. तो सर्वांत जास्त ताणला जातो आणि काम सुरू असताना कोणाच्या नजरेस पडत नाही. बंद साच्यात, लाल तापलेल्या पात्याच्या पोटात एखादा आधार पातळ होत होत तुटला, तर बाहेरून पाते जसेच्या तसे दिसू शकते. म्हणून भट्टी पेटवण्याआधीच कागदावर सांगता आले पाहिजे की पत्रा कुठे, केव्हा आणि किती पातळ होईल.

हे सांगणे कठीण का आहे, ते कळण्यासाठी आधी साधा धातू कसा तुटतो ते पाहू. पोलादाची पट्टी ओढली की काही काळ ती सारखी लांबते. एखादी जागा किंचित बारीक झाली तर तिथला धातू ताणला गेल्यामुळे थोडा कडकही होतो आणि पुढचे ताणणे शेजारच्या जाड भागाकडे ढकलतो. पण हे कडक होणे हळूहळू कमी पडते. बारीक झाल्यामुळे वाढलेला ताण आणि कडकपणामुळे मिळालेले बळ यांची बरोबरी झाली, की त्यानंतर सगळे लांबणे त्या एकाच जागी होऊ लागते. कारखान्यात याला नेकिंग म्हणतात. हा क्षण कधी येतो त्याचा नियम आर्मां कॉन्सिदेर या फ्रेंच अभियंत्याने १८८५मध्ये दिला. विमानांत सर्वाधिक वापरली जाणारी टायटॅनियमची मिश्रधातू, म्हणजे सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम असलेली, खोलीच्या तापमानाला साधारण दहा-चौदा टक्के लांबून तुटते. एवढ्यात पात्याच्या आतला आधार काही घडत नाही.

तीच मिश्रधातू नऊशे ते सव्वानऊशे अंश सेल्सिअसला, तिच्यातले कण बारीक असताना आणि अगदी संथ गतीने ओढली, तर हजार टक्क्यांच्या आसपासही लांबू शकते. या गुणाला सुपरप्लॅस्टिक वर्तन म्हणतात. ते पहिल्यांदा ठळकपणे दाखवले ते १९३४मध्ये सी. ई. पीअरसन यांनी. बिस्मथ आणि कथिलाच्या मिश्रधातूचा तुकडा त्यांनी १,९५० टक्के लांबवला, म्हणजे मूळ लांबीच्या वीसपटीपेक्षा जास्त. त्यानंतर मॉस्कोत बोचवार आणि स्विदेर्स्काया यांनी जस्त आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रणावर काम केले. १९६४मध्ये अमेरिकेच्या एमआयटीत बॅकोफेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा धातूचा पत्रा हवेच्या दाबाने घुमटासारखा फुगवून दाखवला, तेव्हा कुठे कारखान्यांचे डोळे उघडले.

मग इथे सर्वांत बारीक जागा लगेच तुटत का नाही? उत्तर वेगात आहे. या अवस्थेतला धातू जितक्या वेगाने ओढाल तितका जास्त विरोध करतो. हा विरोध वेगाबरोबर किती वाढतो ते एका आकड्याने मोजतात; शास्त्रज्ञ त्याला 'एम' म्हणतात. थंड धातूत एम फार लहान असतो, समजा ०.०५. म्हणजे ओढण्याचा वेग दुप्पट केला तरी लागणारा ताण जेमतेम साडेतीन टक्के वाढतो. सुपरप्लॅस्टिक टायटॅनियमचा एम ०.५ ते ०.८ या पट्ट्यात असतो. एम ०.५ असेल तर वेग दुप्पट करायला ताण सुमारे १.४ पट लागतो. तापलेल्या काचेचा एम जवळजवळ १ असतो, म्हणून तिची बारीक तार ओढता येते.

आता एका पट्टीला वजन टांगले आहे आणि एका जागी तिची जाडी दहा टक्के कमी आहे असे धरा. एम ०.०५ असेल तर ती बारीक जागा बाकीच्या पट्टीच्या आठपट वेगाने लांबेल आणि क्षणात जाईल. एम ०.५ असेल तर ती फक्त सव्वापट वेगाने लांबेल. बारीक जागा घाईने लांबू लागली की तिथला धातूच तिला आवरतो. पिअर्सच्या सुतात दुबळा दुवा दुबळाच राहतो. इथे तो लांबतो, पण लांबतानाच स्वतःला सावरत राहतो. माझ्या मते साऱ्या धातुशास्त्रात याहून देखणी गोष्ट थोडीच असेल.

याच हिशोबातून भाकितही निघते. दोष फक्त एक टक्क्याचा आहे आणि धातू ओढल्याने कडक होत नाही असे मानून गणित केले, तर एम ०.०५ असताना बाकीची पट्टी नऊ टक्के लांबेपर्यंत बारीक जागा तुटते. एम ०.५ असताना बाकीची पट्टी मूळच्या सातपट होईपर्यंत ती टिकते. एम ०.७ असेल तर जवळजवळ वीसपट. आता दोष एक टक्क्याऐवजी पाच टक्के करून पाहा. एम ०.५ असताना सातपटीचे तीनपटच उरतात. सुपरप्लॅस्टिक धातू दोष माफ करतो खरा, पण त्याची माफी मोजून मापून असते. भाकीत चुकण्याचे दोन मोठे मार्ग इथेच दिसतात. एक, सुरुवातीचा दोष आपण समजलो त्याहून मोठा असणे. आणि दुसरा, एम आपण धरला तेवढा न राहणे.

एम का घसरतो? त्यासाठी धातूच्या आत जावे लागते. या तापमानाला टायटॅनियमच्या मिश्रधातूत दोन प्रकारचे कण शेजारी-शेजारी असतात, अल्फा आणि बीटा. सुपरप्लॅस्टिक अवस्थेत कण स्वतः फारसे लांबत नाहीत. ते एकमेकांवरून घसरतात, शेजारी बदलतात, आणि घसरताना पडू पाहणाऱ्या फटी अणूंच्या संथ स्थलांतराने भरत जातात. हजार टक्के लांबलेल्या तुकड्यातही कण बहुधा गोलसरच सापडतात. हे जमायचे तर कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून लहान हवेत, म्हणजे अणूंना जायचे अंतर कमी राहते. फार वेगाने ओढले तर अणूंना वेळ पुरत नाही, कण स्वतःच आतून विकृत होऊ लागतात आणि एम कोसळतो.

म्हणून काम संथ असते. दर सेकंदाला दहा हजारांश या वेगाने पत्रा मूळच्या पावणेतीनपट करायला दहा हजार सेकंद लागतात, म्हणजे पावणेतीन तासांहून थोडे जास्त. मोटारीचा पत्रा प्रेसखाली काही सेकंदांत घडतो. आणि या संथपणातच दुसरा धोका आहे. इतका वेळ भट्टीत राहिलेले कण वाढतात, आणि धातू ताणला जात असेल तर अधिकच वाढतात. कण दुप्पट झाले, तर तेवढ्याच ताणाखाली धातू लांबण्याचा वेग चौथाईवर किंवा त्याहून खाली येतो. अमेरिकेच्या रॉकवेल कंपनीत अमित घोष आणि हॅमिल्टन यांनी १९७९मध्ये याच मिश्रधातूवर दाखवून दिले की काम चालू असताना धातू जो कडक होत जातो, त्यामागे मुख्यतः कणांची वाढ असते, आणि ती हिशोबात धरली नाही तर भाकीत फसते. घाई केली तर एम जातो, रेंगाळले तर कण वाढतात. प्रत्येक पत्र्याला या दोहोंमधली एक अरुंद वाट असते.

ती वाट धरून चालायचे साधन एकच, वायूचा दाब. पत्रा सपाट असताना त्याला वाकवायला जेमतेम दाब लागतो. घुमट उभा राहू लागला की वक्रता वाढते आणि दाबही वाढवावा लागतो. पण त्याच वेळी पत्रा पातळ होत असतो, म्हणून एका टप्प्यानंतर दाब उतरवावा लागतो. ज्याने तो एकसारखा ठेवला त्याच्या घुमटाचे टोक अनावर वेगाने लांबत जाईल. अर्धगोल घुमट झाला तर त्याचे क्षेत्रफळ मूळ चकतीच्या बरोबर दुप्पट होते, म्हणजे दोन मिलिमीटरच्या पत्र्याची सरासरी जाडी एक मिलिमीटर उरते. टोकाशी मात्र ती त्याहून कमी असते. एम जितका मोठा, तितका हा फरक लहान.

पुढे पत्रा साच्याला टेकला की सगळे पुन्हा उलटते. तापलेला पत्रा जिथे टेकतो तिथे घर्षणाने जवळजवळ चिकटून बसतो आणि त्या जागचे ताणणे थांबते. राहिलेले काम उरलेल्या पत्र्यावर पडते. साच्याचा तळ आधी भरतो, कोपरे शेवटी. म्हणजे कोपऱ्याला जो पत्रा मिळतो तो आधीच पातळ झालेला असतो, आणि त्याच पत्र्याला सर्वांत तीव्र वळण घ्यायचे असते. कोपऱ्याची गोलाई जितकी लहान, तितका दाब पुन्हा झपाट्याने चढवावा लागतो. पत्रा फाटण्याची नेहमीची जागा हीच. साचा आखणारा माणूस कोपऱ्याला मिलिमीटरभर जास्त गोलाई देऊ शकला, तर संगणकावरच्या कित्येक तासांच्या हिशोबापेक्षा त्याने जास्त कमावले असे मी म्हणेन. काही ठिकाणी पत्रा आधी उलट्या बाजूला थोडा फुगवतात, म्हणजे जो भाग पुढे जाड राहून वाया जाणार असतो तो आधीच ताणला जातो आणि जाडी वाटून येते.

हे सगळे टप्पे हाताने मोजता येत नाहीत. संगणकात पत्र्याचे हजारो लहान तुकडे पाडतात आणि क्षणाक्षणाला प्रत्येक तुकडा किती वेगाने लांबतो आहे ते काढतात. सर्वांत वेगाने लांबणारा तुकडा ठरवलेल्या मर्यादेत राहील एवढाच दाब पुढच्या क्षणाला द्यायचा. अशा रीतीने दाबाचे वेळापत्रक तयार होते आणि भट्टीशेजारचे यंत्र ते पाळते.

पण पत्रा 'फाटला' असे संगणकाने कधी म्हणायचे? इथे वॉर्साच्या मार्चिनियाक आणि कुचिन्स्की यांची १९६७ची कल्पना कामाला येते. पत्रा निर्दोष आहे असे मानूच नका, असे त्यांचे म्हणणे. हिशोबात पहिल्यापासून एक उथळ चर धरा, जिथे जाडी थोडी कमी आहे. मग चरातले ताणणे आणि चराबाहेरचे ताणणे वेगवेगळे मोजत चला. दोन्ही वेग बराच काळ बरोबरीने चालतात, मग चरातला वेग पुढे निघतो, आणि तो बाहेरच्या वेगाच्या, समजा, दहापट झाला की पत्रा गेला असे धरायचे. या पद्धतीत फाटणे म्हणजे अचानक आलेला क्षण राहत नाही. ते पहिल्या मिनिटापासून चालू असते, फक्त दिसते उशिरा. सुताचा दुबळा दुवा शोधणाऱ्या पिअर्सच्या विचाराशी याचे जवळचे नाते आहे. दोघांनीही सरासरीकडे पाठ फिरवून सर्वांत वाईट जागेकडे पाहिले.

फाटण्याचा आणखी एक प्रकार आहे. कण घसरताना पडलेल्या फटी भरून आल्या नाहीत, तर पत्र्याच्या आत सूक्ष्म पोकळ्या होतात, वाढतात, एकमेकींना मिळतात, आणि पत्रा पुरेसा जाड दिसत असूनही तुटतो. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंत हा मोठा त्रास आहे, म्हणून तिथे पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी वायूचा दाब ठेवून पोकळ्या दाबून टाकतात. टायटॅनियमच्या या मिश्रधातूला ही व्याधी बरीच कमी, कारण तिच्या बीटा कणांत अणू फार चपळ असतात आणि फटी लवकर भरतात. तिचा शत्रू वेगळा आहे, हवेतला ऑक्सिजन. तो तापलेल्या टायटॅनियमच्या पृष्ठभागात शिरला की वरचा थर ठिसूळ होतो आणि पुढे वापरात तिथून तडे जाऊ शकतात. म्हणून अरगॉन वापरायचा, आणि तरीही काम झाल्यावर वरचा थर आम्लाने उतरवायचा. तेव्हा जाडीच्या भाकितात हा उतरणारा थरही आधीच धरावा लागतो.

खनिजापासून पत्र्यापर्यंतच्या साखळीच्या काही कड्या आपल्याकडेही आहेत. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, काळबादेवीच्या खाडीपाशी, वाळूत इल्मेनाइट हे टायटॅनियमचे खनिज आहे. अशा खनिजापासून स्पंज टायटॅनियम, म्हणजे सच्छिद्र कच्चा धातू, करण्याचा देशातला कारखाना मात्र केरळात चवरा इथे २०११मध्ये सुरू झाला. मिश्रधातू हैदराबादच्या मिधानी या कंपनीत बनते. सुपरप्लॅस्टिक वर्तनावरचा जगभर वाचला गेलेला एक ग्रंथ १९८०मध्ये के. ए. पद्मनाभन यांनी डेव्हिस यांच्यासह लिहिला. भिवंडीहून जवळच, पवईच्या आयआयटीत, बी. पी. कश्यप यांनी याच वर्तनावर दीर्घकाळ काम केले, आणि तिथल्याच के. नरसिंहन यांचा विषय म्हणजे पत्रा घडवताना तो कुठवर ताणता येतो याची मर्यादा.

आता प्रयत्न तापमान उतरवण्याचा आहे. जपानमध्ये तयार झालेली एसपी-७०० ही मिश्रधातू पावणेआठशे अंशांच्या आसपासच सुपरप्लॅस्टिक होते. कण कमी वाढतात, ऑक्सिजन कमी शिरतो, साचे जास्त टिकतात. पण नवी मिश्रधातू म्हणजे नवा एम, कणवाढीचा नवा वेग आणि दाबाचे नवे वेळापत्रक. जुन्या आकड्यांवर विसंबून चालत नाही. म्हणून नव्या पत्र्याच्या पट्ट्या आधी भट्टीत ओढून पाहतात, लाटण्याच्या दिशेने वेगळ्या आणि आडव्या दिशेने वेगळ्या. मग पहिला घडवलेला भाग विमानाला न लावता कापतात आणि जागोजागी जाडी मोजून संगणकाच्या आकड्यांशेजारी ठेवतात. फरक फक्त कोपऱ्यांत असेल तर आधी घर्षणाचा आकडा तपासायचा. फरक सगळ्या भागावर पसरलेला असेल तर पत्र्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन कण मोजायचे.